रात्री कॉइल टाकणारं कुणी नसेल, तर व्हिपल करावं का?

लेक_बाबांची: बाबांचं व्हिपल झालं, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायचं मोठं ऑपरेशन. नवव्या रात्री ड्रेनमध्ये (पोटातून द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत) थोडं लाल रक्त आलं आणि थांबलं. "सकाळी बघू," म्हणाले. पहाटे बीपी कोसळलं. अँजिओग्राफी करून कॉइलने, म्हणजे धमनीत भरायच्या बारीक तारेच्या गुंडाळीने, रक्तस्राव थांबवणारं तिथे कुणीच नव्हतं. अँब्युलन्समध्ये तीन तास गेले. बाबा वाचले, पण माझं ठाम मत झालंय: चोवीस तास इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (स्कॅनवर बघत तार-नळी घालून करायचे असे उपचार) नसेल तिथे हे ऑपरेशन करूच नये.

जिल्ह्यातला_सर्जन: ताई, बाबा वाचले, फार बरं झालं. तरी पटत नाही. स्वादुपिंडातल्या गाठीमुळे काविळीने पिवळाधमक झालेल्या शेतकऱ्याला "मुंबईला जा" म्हटलं की काही जण सरळ गावी परततात आणि पुन्हा दिसत नाहीत. रक्तस्राव झालाच तर पोट परत उघडता येतं.

रात्रपाळीचा_रेडिओलॉजिस्ट: डॉक्टर, नवव्या दिवशी आतडी चिकटलेली असतात, टाका धरत नाही. गळलेला स्वादुरस (स्वादुपिंडाचा पाचकरस) जठराजवळच्या गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीचं ऑपरेशनमध्ये बांधलेलं टोक कुरतडतो आणि तिथे फुगा येतो. जांघेतून तार नेऊन कॉइल किंवा कव्हर्ड स्टेंट (धमनीला आतून अस्तर देणारी नळी) टाकला तर बहुतेकदा पोट उघडावंच लागत नाही. आणि ते "थोडं रक्त" म्हणजे पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकते. तेव्हाच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) हवी होती. ती स्वच्छ आली तरी निर्धास्त होऊ नये.

नेदरलँड्समधला पोर्श अभ्यास बघा (२०२२): १७ केंद्रं, स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालेले १७४८ रुग्ण. रोज ताप, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी), ड्रेनमधलं अमायलेज (स्वादुरस गळतोय का ते दाखवणारं) बघायचं, शंका आली की लगेच सीटी, आणि पोटात साचलेला द्रव बाहेरूनच नळी घालून काढायचा. गंभीर परिणाम (उपचार लागणारा रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू) १४ टक्क्यांवरून ८ वर आले, ९० दिवसांतले मृत्यू ५ वरून ३ वर.

जिल्ह्यातला_सर्जन: हा तर माझाच मुद्दा! यात मोठा वाटा वेळेवर सीटी आणि पिगटेलचा, म्हणजे साचलेला द्रव काढायच्या त्या नळीचा, आहे. ते आम्हीही करतो.

रात्रपाळीचा_रेडिओलॉजिस्ट: रात्री दोन वाजता होतं?

जिल्ह्यातला_सर्जन: नाही. सीटी होतो, पिगटेल टाकणारे सकाळी येतात. आणि कॉइलसाठी रुग्ण पाठवावाच लागतो.

लेक_बाबांची: मग हे ऑपरेशनआधी सांगा ना! कुठे पाठवणार, किती तास लागणार. आम्हाला सहीच्या कागदावर "रक्तस्राव होऊ शकतो" एवढंच होतं.

जिल्ह्यातला_सर्जन: हे मान्य. कागदात घालतो, आणि ड्रेनमध्ये पहिलं लाल रक्त दिसताच पाठवायचं हेही त्या केंद्राशी आधीच ठरवून ठेवतो. व्हिपल मात्र बंद करणार नाही.

लेक_बाबांची: त्या तीन तासांत मी बाबांचा हात धरून बसले होते. माझं मत बदललेलं नाही.