चर्चने आपलं दुर्मीळ स्तोत्रपुस्तक विकलं, ते बरोबर झालं का?

पानगळ:
बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चकडे 'बे साम बुक'च्या दोन प्रती होत्या. हे स्तोत्रांचं पुस्तक 1640 सालचं, इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींत छापलेलं पहिलं. सुमारे 1700 प्रती निघाल्या, आज माहीत आहेत 11. चर्चने 2012 मध्ये 271 विरुद्ध 34 मतांनी एक प्रत विकायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या लिलावात तिचे 1 कोटी 41 लाख डॉलर आले. इमारतीच्या दुरुस्तीला पैसा लागतो, मान्य. पण थॉमस प्रिन्स या पाळकाने हयातभर जमवलेली पुस्तकं 1758 मध्ये मरताना चर्चच्या हवाली केली. विश्वासाने दिलेली ठेव अशी मोडायची नसते.

शाईवाला:
असहमत. प्रिन्स स्वतः संग्राहकच ना! या पुस्तकाच्या एकट्या त्याच्याकडे पाच प्रती होत्या. बाकी लोकांनी रोज गाऊन गाऊन पुस्तकाच्या चिंध्या केल्या. छापणारा स्टीफन डे मूळचा कुलपं बनवणारा; डाव्या पानांच्या माथ्यावर 'साम' (म्हणजे स्तोत्र) नीट, उजव्या पानांवर त्याच शब्दाला शेवटी एक 'ई' जादा. असला ऐवज जपणारे हौशी लोक होते म्हणून तो आज आपल्याला बघायला मिळतो. शिवाय घेणारे अब्जाधीश डेव्हिड रुबेन्स्टाइन यांनी प्रत वाचनालयांना दाखवायला देण्याचं लगेच जाहीर केलं.

पानगळ:
पाचाच्या दोन कशा झाल्या तेही लिहा की. 19व्या शतकात संग्राहकांनी चर्चची एखादी प्रत नव्याने बांधून दिली आणि मोबदल्यात दुसरी घरी नेली! दर वेळी 'एक गेली तर काय बिघडलं' हेच.

नदीकाठ:
मला मालकीपेक्षा वापर महत्त्वाचा वाटतो. जॉन एलियट या पाळकाचं 1663 चं बायबल घ्या. ते मॅसॅच्युसेट्सच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत आहे आणि त्याचे छपाईचे खिळे जुळवण्यात निपमक जमातीच्या जेम्स प्रिंटरचा हात होता. धर्मांतरासाठी छापलेल्या त्याच पुस्तकाच्या आधाराने वाम्पनोआग जमातीच्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी तीच, वाम्पनोआग भाषा पुन्हा बोलती केली. त्यांच्यासाठी जे कपाट उघडेल ते मला चालेल, चर्चचं असो की धनिकाचं.

पानगळ:
रुबेन्स्टाइन उघडतील हो. त्यांच्यानंतर किल्ली कोणाकडे जाणार?