पद्मिनी खंबाटकी घाटात तापते

प्रश्न: काकांची ८६ची प्रीमियर पद्मिनी कार. हायवेला तापमानाचा काटा मध्यावर, पण घाटात ट्रकांमागे सरकायला लागलं की लालकडे. पाणी पूर्ण आहे. मेकॅनिक म्हणतो हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवू.

उत्तर: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाका राव, आपल्याकडे कशाला हवाय?

उत्तर: अजिबात काढू नका. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, झिजतंही. आणि हेडची घाई कसली? हायवेला वाऱ्यावर भागतं, घाटात सगळी भिस्त पंख्यावर. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघा, अर्ध्या इंचाहून फार दबला तर आवळा. मग इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करा. सतत बुडबुडे आले तरच हेडखालच्या गास्केटवर (सीलवर) संशय. झाकणाचं रबरही चाचपा. प्रेशर धरलं नाही तर पाणी लवकर उकळतं.

प्रश्नकर्ता: दादा, बुडबुडे नाहीत. पट्टा मात्र काचेसारखा गुळगुळीत, चांगला इंचभर दबतोय!