तंबाखूच्या जागी बंदूक आली आणि ‘रनअवे ज्युरी’तला खटलाच बदलला

वाचनवेडी
‘रनअवे ज्युरी’ हा २००३चा चित्रपट मूळ पुस्तकापेक्षा सरस आहे आणि तंबाखूऐवजी बंदूक आणल्याने गाभ्याला धक्का लागत नाही, असे चित्रपटप्रेमी यांनी काल लिहिले. ते वाचून मला गप्प बसवेना.

जॉन ग्रिशम यांच्या १९९६च्या कादंबरीत सेलेस्ट वुड मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत सिगारेट कंपनीवर दावा लावते, कारण तिचा नवरा वर्षानुवर्षे सिगारेट ओढून फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेलेला असतो. चित्रपटात खटला न्यू ऑर्लिन्सला जातो, नवऱ्याला कार्यालयात घुसलेला माणूस गोळ्या घालतो आणि दावा बंदूक बनवणाऱ्या कंपनीवर लागतो. मग गाभा तोच कसा राहिला? सिगारेट जशी ओढायची तशीच ओढली तरी ओढणारा मरतो, त्यामुळे व्यसन लावणाऱ्याचा दोष किती आणि ओढणाऱ्याचा किती, हे ज्युरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, ठरवावे लागते. बंदुकीच्या दाव्यात मरणाऱ्याचा काडीचाही दोष नसतो. तिथे कारखाना आणि मृत्यू यांच्यामध्ये खुनी उभा असतो आणि सगळा वाद त्या मधल्या साखळीचा होतो. कादंबरीतल्या ज्युरीत स्वतः सिगारेट ओढणारेही बसलेले आहेत, म्हणजे निकाल देताना त्यांना स्वतःकडेही पाहावे लागते. चित्रपटाने नेमका हाच पेच काढून टाकला.

चित्रपटप्रेमी
आपण काळाचा विचारच केलेला नाही. नोव्हेंबर १९९८मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड करून २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले आणि १९९९मध्ये ‘द इनसायडर’ने तंबाखू उद्योगाचे आतले चित्र पडद्यावर आणले. त्यानंतर २००३मध्ये तोच खटला दाखवला असता, तर प्रेक्षकाला शिळ्या कढीला ऊत आणल्यासारखे वाटले असते. बंदुकीचा प्रश्न मात्र तेव्हा पेटलेला होता. दोनच वर्षांनी अमेरिकी संसदेने कायदा करून बंदूक उत्पादकांना अशा बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले, यावरून दिग्दर्शक गॅरी फ्लेडर यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवले होते हे दिसते. शिवाय १९६६पासून तिथे पाकिटावर इशारा छापलेला असतो. तो वाचूनही जो ओढतो त्याच्या विधवेबद्दल वाटणारी सहानुभूती आणि निष्पाप माणसाच्या विधवेबद्दल वाटणारी सहानुभूती एकसारखी असूच शकत नाही.

जुना वकील
वाचनवेडी यांनी केलेला भेद कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे, पण त्यातून कादंबरी अधिक वास्तव ठरत नाही. ‘ओढणाऱ्याने स्वतःहून निवड केली’ या एकाच युक्तिवादावर तंबाखू कंपन्या अनेक दशके जिंकत आल्या होत्या. १९८८मध्ये सिपोलोन खटल्यात न्यू जर्सीच्या ज्युरीने पहिल्यांदा ४ लाख डॉलर भरपाई दिली आणि तीही पुढे अपिलात टिकली नाही. बंदुकीबाबत १९९९मध्ये न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ज्युरीने काही उत्पादकांना निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले, तो निकाल २००१मध्ये फिरला. कादंबरी काय आणि चित्रपट काय, दोन्हींनी न्यायालयात सहसा न घडणारी गोष्ट घडवून दाखवली आहे.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. कंपन्यांच्या बाजूने ज्युरी फिरवायला नेमलेला फिचसारखा माणूस ज्युररांच्या घरांवर पाळत ठेवतो आणि त्यांची दुखणी हुडकून त्यांना धमकावतो, हे पाहून लोकांना वाटते की ज्युरी म्हणजे विकाऊ माल. ज्युरी-सल्लागार हा खरा व्यवसाय आहे, पण त्याचे काम प्रश्नावल्या तपासणे आणि वकिलाच्या कानाशी लागून कोणाला वगळावे हे सुचवणे अशा स्वरूपाचे असते. त्यातही वंशावरून वगळण्याला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६च्या बॅट्सन निकालाने मनाई केलेली आहे.

सागरापार
वकीलसाहेब, आपण माझ्या मनातले बोललात. मी अमेरिकेत एका मोटार अपघाताच्या दाव्यात सहा दिवस ज्युरीत बसलो होतो. निवडीच्या दिवशी वकिलाने विचारले, “आपल्या जवळच्या कोणाला अपघातात इजा झाली आहे का?” माझ्या शेजारच्या बाई क्षणभर घुटमळल्या, मग त्यांनी हात वर करून भावाबद्दल सांगितले आणि त्यांना आभार मानून घरी पाठवण्यात आले. त्या गप्प राहिल्या असत्या, तर कोणाला कळलेही नसते.

रोज संध्याकाळी बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा कर्मचारी, आमच्या वह्या गोळा करून कुलपात ठेवत असे. शेवटच्या दिवशी, आठवडाभर अवाक्षर न बोललेल्या एका आजोबांनी टायरच्या खुणांचा फोटो पुन्हा टेबलावर मागवला, वहीची कड लावून दोन खुणांमधले अंतर मोजले आणि मग साक्षीदाराचे म्हणणे आम्हाला पुन्हा वाचायला लावले. आमच्यातल्या तिघांनी मत बदलले, त्यात मीही होतो. म्हणून या गोष्टीचा नायक निकोलस ईस्टर याचा मला संताप येतो. मनात सूड ठेवून, निवडीच्या वेळी खोटे बोलून तो ज्युरीत शिरतो आणि आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो.

चित्रपटप्रेमी
आपल्या सहा दिवसांच्या अनुभवावरून दोन तासांच्या थरारपटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. आणि निकोलसचेच बोलायचे, तर कादंबरीतला निकोलस अधिक वाईट आहे. ज्युरीच्या अंध अध्यक्षाच्या कॉफीत काहीतरी मिसळून तो त्याला रुग्णालयात पाठवतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. पुस्तकाच्या भक्तांनी याचे उत्तर द्यावे.

वाचनवेडी
उत्तर देते, पण आधी त्या इशाऱ्याबद्दल बोलू द्या. माझे वडील सिगारेट ओढत. शेवटच्या महिन्यात त्यांना रुग्णालयात ठेवले होते, तेव्हा पाकीट उशीखाली असे आणि इशाऱ्याची बाजू कायम खाली वळवलेली असे. ओढायची ताकद उरली नव्हती. रात्री ते नुसते पाकीट हातात धरून झोपत, पिवळी पडलेली दोन बोटे त्यावर टेकलेली असत. त्यांनी इशारा वाचला नव्हता असे मी कधीच म्हणणार नाही. १४ एप्रिल १९९४ रोजी सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगत होते की निकोटीनचे व्यसन लागते असे आम्हाला वाटत नाही. ज्याने इशारा वाचला त्याला ‘भोगा आपल्या कर्माची फळे’ म्हणायचे आणि ज्यांनी शपथेवर हे सांगितले त्यांची गोष्ट शिळी ठरवायची, हे आपल्याला शोभत नाही.

चित्रपटप्रेमी
वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. सहानुभूतीचे ते वाक्य मी मागे घेतो. मात्र बंदुकीच्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. सँडी हूकच्या शाळेतील गोळीबारानंतर नऊ कुटुंबांनी रेमिंग्टन या बंदूक कंपनीविरुद्ध लावलेला दावा २००५चा कायदा असतानाही तग धरून राहिला आणि २०२२मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरवर मिटला. शाळेतील गोळीबारात बहीण गमावलेली चित्रपटातली मार्ली, निकोलसची साथीदार, आज अधिकच खरी वाटते.

जुना वकील
तो दावा जाहिरातींच्या मुद्द्यावर, राज्याच्या ग्राहक कायद्याखाली तगला, हेही सांगायला हवे. चित्रपटातला युक्तिवाद तसा नव्हता. तरीही दिशा ओळखण्यात चित्रपट पुढे होता, एवढे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

वाचनवेडी
मीही एक मान्य करते. जीन हॅकमन आणि डस्टिन हॉफमन हे तरुणपणापासूनचे मित्र या चित्रपटात पहिल्यांदाच एकत्र आले आणि न्यायालयाच्या प्रसाधनगृहात त्यांची जी जुंपते, तिच्या तोडीचे पुस्तकात काही नाही. कॉफीचेही समर्थन मी करणार नाही, सागरापार यांच्या त्या बाईंपुढे निकोलस खुजाच ठरतो. पण पुस्तकातली मार्ली निकाल विकण्याच्या नावाखाली फिचकडून घेतलेले १ कोटी डॉलर शेवटी त्याला परत करते, कारण निकालाआधी तंबाखू कंपन्यांचे शेअर चढ्या भावात विकून आणि पडल्यावर परत घेऊन तिने स्वतःची कमाई करून ठेवलेली असते. चित्रपटातली मार्ली पैसे ठेवून घेते आणि गोळीबारात होरपळलेल्या आपल्या गावासाठी वापरते, म्हणजे तिला साध्वीच करून टाकले आहे. पुस्तकातल्या मार्लीला मी निर्दोष म्हणणार नाही. तिचे आईवडील सिगारेटने गेले, आणि तिने तंबाखूला जिथे दुखते तिथेच, बाजारात, गाठले.