घाट उतरताना आलेलं वेगाचं ई-चलान: पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर?

मावळवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुण्याहून मुंबईकडे द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरताना ई-चलान आलं आहे. मर्यादा 60, नोंदलेला वेग 74. गाडी 1.2 लिटर पेट्रोल, मॅन्युअल, आत चार माणसं आणि सामान. पाचवा गिअर होता, ॲक्सिलरेटर दाबलेला नव्हता, ब्रेक अधूनमधून. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

उतारामुळे वेग वाढला, असं सांगून आक्षेप घेता येतो का? उतारावर यंत्र वेग जास्त दाखवतं का? आणि ब्रेकवर सतत पाय न ठेवता 60 च्या आत कसं उतरायचं?

टॉर्क_नाना

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी अडचण तिथेच आहे: पाचवा गिअर.

5 टक्के उतार धरा, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 5 मीटर खाली. अशा उतारावर गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला वेगात साधारण 1.8 किमी/तास इतकी भर घालू पाहतं. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा मिळून त्यातले 0.7 च्या आसपास खातात. उरला साधारण 1. म्हणून न्यूट्रलमध्ये 50 चे 60 व्हायला दहा सेकंद आणि जेमतेम दीडशे मीटर पुरतात. पाचव्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम 1,700 आरपीएमला (मिनिटाला फेरे) फिरतं, त्याचा अटकाव दर सेकंदाला फार तर अर्धा किमी/तास. वेग वाढायचा थांबत नाही, फक्त सावकाश वाढतो, आणि सावकाश वाढतो म्हणून लक्षातही येत नाही. 74 असाच झालेला असणार.

तिसऱ्या गिअरमध्ये हीच गाडी 60 ला 2,800 ते 3,000 आरपीएमवर असते. तिथे इंजिनाचा अटकाव उताराच्या ओढीला जवळजवळ पुरतो. चढण संपून उतार सुरू व्हायच्या आधी, वेग 50-55 वर आणून तिसरा टाका. उतारावर वेग वाढल्यानंतर गिअर उतरवायला गेलात तर क्लच दाबलेला असताना गाडी न्यूट्रलसारखीच सुटते आणि क्लच सोडताना झटका बसतो. तीव्र टप्प्यात दुसरा गिअर चालेल, पण 45 च्या खाली आल्यावरच. 60 ला दुसरा टाकला तर इंजिन 4,300 च्या आसपास ओरडेल.

"इंजिन ओरडतं म्हणजे पेट्रोल जळतं" हा समज मनातून काढून टाका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होतं, आरपीएम साधारण 1,500 च्या खाली येईपर्यंत. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे न्यूट्रलने बचतही होत नाही.

गॅरेज_खोपोली

नानांच्या म्हणण्याला ब्रेकची बाजू जोडतो. लोणावळा-खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उंची सुमारे 500 मीटर उतरते. माणसं-सामान धरून 1,400 किलोची गाडी तेवढी खाली आणताना जवळपास 70 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली आणि हवेने थंड व्हायला वाव मिळाला नाही, तर चार चाकांच्या डिस्क-ड्रमचं 25-30 किलो लोखंड 500 अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात हवा लागते म्हणून इतकं होत नाही, पण पाय सतत टेकवून ठेवला तर तीच हवा कमी पडते.

मग दोन प्रकारांनी बिघडतं. एक, पॅड-लायनर तापून पकड सोडतात: पॅडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक वाईट. ब्रेक ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. डॉट 3 या प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेलं मात्र 140 लाच उकळू शकतं. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर जास्तच. दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे बदलायचंच, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

ब्रेक मारायची पद्धत: गिअर तिसरा, वेग 58 झाला की ठाम दाबून 48 वर आणा आणि पाय पूर्ण काढा. हलका पाय टेकवून किलोमीटरभर जाऊ नका. जळका वास आला किंवा पॅडल मऊ लागलं तर गिअर आणखी खाली, धोक्याचे दिवे चालू, डाव्या कडेला सुरक्षित जागी थांबा. हँडब्रेक न ओढता रिव्हर्स गिअर टाकून चाकाखाली दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होते.

इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नको. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरमधली पोकळी दोन-तीन दाबांत संपते, मग तेच पॅडल अंगाचा भार टाकूनही पुरत नाही.

कलम183

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 183 ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाबद्दल आहे. वेग इंजिनाने वाढला की उताराने, हा फरक त्यात नाही. उलट घाटात मर्यादा खाली आणलेली असते ती उतारामुळेच, तेव्हा तो बचाव अर्जात लिहूच नका. हलक्या वाहनाला कायद्यात 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे, मध्यम आणि जड वाहनांना 2,000 ते 4,000.

मात्र चलान नीट तपासण्याचा हक्क आहे आणि तो वापरावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये 167अ हा नियम आला. कॅमेऱ्यावरच्या चलानासाठी त्यात सांगितलं आहे की नोटीस घटनेपासून 15 दिवसांत पाठवावी, सोबत नंबरप्लेट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख-वेळ-ठिकाण आणि मोडलेलं कलम असावं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. कॅमेरा असल्याची पाटीही त्याआधी हवी.

चलान उघडून या क्रमाने बघा. फोटोतली गाडी तुमचीच आहे का (मॉडेल, रंग, नंबरातलं प्रत्येक अक्षर, बनावट नंबरच्या गाड्या फिरतात). दिशा मुंबईकडचीच आहे का. आणि वाहनाचा वर्ग बरोबर लावला आहे का. घाटात चालक सोडून आठपर्यंत आसनांच्या गाडीला 60, त्याहून मोठ्या प्रवासी गाड्यांना आणि मालवाहू वाहनांना त्याहून कमी अशी मर्यादा आहे. सात आसनी गाडीला चुकून मोठ्या वाहनांची मर्यादा लावलेली दिसली तर आरसीची प्रत जोडून तक्रार करा. तक्रार महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर चलान क्रमांकासह करता येते. तडजोड रक्कम (खटल्याऐवजी भरायचा दंड) भरली की प्रकरण मिटलं असं धरलं जातं, म्हणून आक्षेप असेल तर भरण्याआधी घ्या.

चलान गाडीमालकाच्या नावावर येतं. गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर कलम 133 प्रमाणे चालकाची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे.

रडारवाचक

दुसरा प्रश्न राहिला. उतारामुळे रडारचा आकडा वाढत नाही. रडार स्वतःच्या दिशेने येणारा वेग मोजतं. ते रस्त्याशी कोनात असेल तर आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणजे चूक झाली तरी चालकाच्या फायद्याची. मोबाइलच्या जीपीएसचंही तसंच: त्याने नुसता आडवा वेग धरला तरी 5 टक्के उतारावर फरक 0.2 टक्क्यांच्या आत. बोगद्यात मात्र जीपीएसवर विसंबू नका, आडोशी बोगद्यातून बाहेर पडल्यावर आकडा जाग्यावर यायला काही क्षण जातात.

डॅशबोर्डचा काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा चार-पाच किमी जास्त दाखवतो, कमी दाखवू नये असं मानकच आहे. 74 नोंदलं गेलं तेव्हा तुमच्या काट्यावर 78-79 असणार. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील तर हा आधार निघून जातो.

कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून पुढे सुटणाऱ्यांसाठी: या मार्गावर दोन ठिकाणांमधली सरासरीही मोजली जाते. 4 किलोमीटरला 60 च्या हिशेबाने 4 मिनिटं लागतात. 3 मिनिटं 30 सेकंदांत पोचलात तर सरासरी 68 च्या वर गेली, दोन्ही कॅमेऱ्यांखाली 55 असलात तरी.

मावळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो आणि वर्ग तपासला, दोन्ही बरोबर आहेत, दंड भरतो. घरातली दुसरी गाडी ऑटोमॅटिक आहे. तिला तिसरा गिअर कसा देणार? क्रूझ (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) 55 ला लावून ठेवला तर?

टॉर्क_नाना

साधा क्रूझ फक्त ॲक्सिलरेटर सांभाळतो, उतारावर गाडी 55 ओलांडून जाते आणि तो काही करत नाही. पुढच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ ब्रेक मारतो, पण सतत, म्हणजे वर खोपोलीकरांनी सांगितलेली तीच तापण्याची भानगड. घाटात दोन्ही बंद ठेवा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे ते आधी बघा. एएमटी असेल तर लिव्हर एम (मॅन्युअल) कडे नेऊन वजा दाबत तिसऱ्यावर या. सीव्हीटीला लिव्हरवर एल किंवा एस असतं, खालच्या गिअरसारखं. आधी एस लावून बघा, तरीही वेग वाढत असेल तर 40 च्या आसपास आणून एल. टॉर्क कन्व्हर्टर आणि डीसीटीला मॅन्युअल मोड किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल वापरा, आणि डॅशबोर्डवर तिसऱ्याचा आकडा दिसतोय याची खात्री करा, कारण काही गाड्या थोड्या वेळाने आपणहून डी वर परततात. हिल डिसेंटचं बटण इथे कामाचं नाही, ते अगदी कमी वेगाच्या कच्च्या उतारासाठी असतं.