मॉडेलचं चित्र बघणं म्हणजे शोबाजी?

खारा वारा (रत्नागिरी):
काल इथल्याच एका ज्ञानी माणसाने लिहिलं, "शेर्पात फिट झालं, आकडा नीट आला, विषय संपला. मॉडेल डीएस नाइनमध्ये उघडून बघणं ही निव्वळ शोबाजी." (नव्यांसाठी: शेर्पा म्हणजे डेटावर मॉडेल बसवायचं सॉफ्टवेअर, डीएस नाइन म्हणजे दुर्बिणीच्या प्रतिमा बघायचं.) रात्रभर डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितो.
चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने टिपलेल्या एका क्लस्टरवर (दीर्घिकासमूहावर) मी बीटा मॉडेल, म्हणजे मधे उजळ आणि कडेला फिकं होत जाणारं, बसवलं. काउंट (टिपलेले फोटॉन) कमी, म्हणून फिटचा आकडा काढायला कॅश स्टॅटिस्टिक. त्यात 'एकाच्या जवळ आला की पास' असलं काही नसतंच, तेव्हा आकडा नीट आला म्हणजे काय, ते आधी सांगा. शेर्पाची इमेज-फिट कमांड मारली, तीन चौकटी उघडल्या: डेटा, मॉडेल, रेसिड्युअल (डेटातून मॉडेल वजा करून उरलेलं). तिसरीत केंद्राच्या डावीकडे लख्ख ठिपका. पॉइंट सोर्स, म्हणजे ठिपक्याएवढा वेगळाच स्रोत, मी मास्क करायला (झाकून वगळायला) विसरलेलो. त्याने मॉडेलचं केंद्रच आपल्याकडे ओढलं होतं. आकड्यांच्या यादीत सगळं साळसूद!

देवगडी हापूस:
ज्ञानी माणूस हजर आहे. तुमचा ठिपका तुमच्या विसराळूपणाचा पुरावा, चित्राच्या थोरवीचा नव्हे. डेटात पिक्सेलमागे ०, १, २ काउंट, मॉडेलमध्ये ०.३. एक सांडलेले तांदूळ, दुसरं सारवलेलं अंगण. वजा केल्यावर दिसणार काय? तांदूळच. वर तिन्ही चौकटींचं स्केल वेगळं. आमच्या एका ज्युनिअरने रेसिड्युअल स्मूद करकरून दोन पोकळ्या 'शोधल्या'. स्मूदिंगची रुंदी (सिग्मा) बदलली, पोकळ्या गेल्या.

वेंगुर्ल्याची:
देवगडी, "मॉडेल फारच टोकदार दिसतंय" म्हणून मागच्या महिन्यात कोण रडत होतं? तुम्ही इमेज-सोर्स कमांडने उघडलेलं, त्यात पीएसएफ (दुर्बिणीमुळे ठिपक्याला येणारा पसरटपणा) नसतो. तो इमेज-मॉडेलमध्ये. चित्र न बघणारे चुकीचं चित्र बघत होते!

देवगडी हापूस:
जुनं उकरायची गरज नव्हती.

विजयदुर्गकर:
उरलेल्याची किंमत आमका शिकवू नका. १८ ऑगस्ट १८६८ चं सूर्यग्रहण. वर्णपटात पिवळी रेघ दिसली, कित्येकांनी सोडियम म्हणून सोडून दिली. सोडियमच्या जागी बसली नाही, म्हणून तर हेलियम! आणि तो लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने शोधला आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर, साहेबाच्या कट्ट्यावरून.

देवगडी हापूस:
झालं, आली गाडी विजयदुर्गावर. १८६८ ला लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन. लॉकियरने ऑक्टोबरात इंग्लंडातूनच सूर्याचा वर्णपट पाहिला.

विजयदुर्गकर:
तुका काय कळता रे! आजोबांनी बोट धरून कट्टे दाखवलेत मला. ते खोटं बोलायचे?

वेंगुर्ल्याची:
आजोबांना मधे आणू नका. लॉकियर विजयदुर्गाला आलेला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेने १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरही पकडला होता. कट्टे त्या खेपेचे असावेत.

खारा वारा:
माझा धागा कुठे गेला?

देवगडी हापूस:
घ्या तुमचा धागा. उघडतो तिसरी चौकट. पण तिन्हींचं स्केल लॉक करून, रेसिड्युअल एररने (अनिश्चिततेने) भागून, आणि स्मूद न करता. खूश?

खारा वारा:
म्हणजे शोबाजीच, फक्त नियमात बसवून. चालेल.

विजयदुर्गकर:
तीस वर्षांनी काय बिघडतं? आम्ही हेलियमचा शोध १८ ऑगस्टलाच साजरा करणार. देवगडी, जेवायला ये, वाद तिथेच पुरा करू.