करिअर बदलण्यासाठी वेब प्रोग्रॅमिंग: आधी जावास्क्रिप्ट पक्की करावी की थेट रिॲक्ट घ्यावे?

ताळेबंद:

मी अकरा वर्षे गोदामातल्या मालाचे हिशेब ठेवले आणि गेल्या वर्षी, वयाच्या ३९व्या वर्षी, कोडची एकही ओळ येत नसताना वेब प्रोग्रॅमिंग शिकायला घेतले. मी ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता त्यात एचटीएमएल आणि सीएसएस (पानाची मांडणी आणि रूप) एका आठवड्यात, जावास्क्रिप्ट (पान हलते-बोलते करणारी भाषा) दोन आठवड्यांत उरकली आणि चौथ्या आठवड्यात रिॲक्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये पाने बांधण्याचे तयार साधन, सुरू झाले. व्हिडिओत दाखवतील तसे मी लिहीत गेलो, पडद्यावर सगळे नीट चालत होते आणि आपल्याला हे जमते आहे असे मला मनापासून वाटत होते.

मग एका रविवारी व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली आणि दोन आकड्यांची बेरीज दाखवणारे साधे पान लिहायला बसलो. पहिल्या चौकटीत ५ लिहिले, दुसरीत ३ लिहिले, बटण दाबले आणि उत्तर आले ५३. बेरजेच्या जागी वजाबाकी करून पाहिली, तर उत्तर बिनचूक २ आले, त्यामुळे मी आणखीच गोंधळलो. चौकटीत टाइप केलेला आकडा जावास्क्रिप्टच्या हाती मजकूर म्हणून येतो, अधिकचे चिन्ह दोन मजकूर एकापुढे एक जोडते आणि वजाचे चिन्ह मात्र आधी त्यांचे आकडे करून घेते, हे उमगायला मला अख्खी दुपार लागली. इतकी मूळची गोष्ट ठाऊक नसताना मी रिॲक्टमध्ये खरेदीची यादी ‘तयार’ केली होती.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की नवख्याने निदान सहा महिने रिॲक्टसारख्या कोणत्याही फ्रेमवर्कला, म्हणजे तयार सांगाड्याला, हात लावू नये आणि तोवर हातची नोकरी सोडू नये. उलट अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे.

खटपट्या:

आपली ५३ची गोष्ट मला पटली, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष पटला नाही. मी तेरा वर्षे शाळेत गणित शिकवले आणि आता तीन वर्षे वेब डेव्हलपर म्हणून नोकरी करतो. मूल आधी बोलायला लागते आणि व्याकरण नंतर शिकते; बोलण्यापूर्वी त्याला विभक्तिप्रत्यय पाठ करायला लावले, तर ते बोलणेच टाळेल. दिवसभराचे काम आणि घरच्या जबाबदाऱ्या आटोपून ज्याच्या हाती रात्रीचा जेमतेम दीड तास उरतो, त्याला सहा महिने नुसती लूप (तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणे) आणि फंक्शने (एका कामासाठी बांधलेले कोडचे तुकडे) गिरवायला सांगणे म्हणजे त्याने मध्येच सोडून द्यावे अशीच व्यवस्था करणे होय. माझ्याबरोबर शिकू लागलेल्यांपैकी जे गळाले, ते अवघड विषयामुळे गळाले नाहीत. दाखवण्यासारखे काहीच हाती लागले नाही म्हणून गळाले.

शिवाय नोकरीच्या जाहिरातींत रिॲक्टचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. मी दुसऱ्या महिन्यातच रिॲक्ट घेतले आणि जिथे अडलो तिथे मागे जाऊन जावास्क्रिप्ट शिकलो. बटण दाबल्यावर आकडा वाढवायचा आणि लगेच पुढच्या ओळीत तो छापून पाहायचा, असा कोड मी लिहिला होता. पडद्यावरचा आकडा वाढायचा, पण छापला जायचा तो जुनाच. त्याचे कारण शोधता शोधता फंक्शन आपल्या भोवतालच्या व्हेरिएबलची (नाव देऊन साठवलेल्या मूल्याची) किंमत कशी धरून ठेवते, म्हणजे क्लोजर ही गोष्ट, मला कायमची कळली. गरज पडण्याआधी ती वाचली असती, तर चार दिवसांत विसरलो असतो.

ताळेबंद:

मुलाच्या बोलण्याचा दाखला मला इथे लागू पडत नाही असे वाटते. मूल चुकीचे बोलले तरी समोरचा माणूस त्याचे म्हणणे समजून घेतो आणि बरोबर शब्द उच्चारून दाखवतो. ब्राउझर तसे काही करत नाही. माझ्या पानावर त्याने लाल अक्षरांत एकही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ५३ हे योग्यच उत्तर होते. आपण गणिताचे शिक्षक होतात. कारणाच्या मुळाशी जाण्याची सवय आपल्या अंगी आधीच होती, म्हणून आपण क्लोजरपर्यंत पोहोचलात. माझ्यासारखा माणूस कुणीतरी दिलेली दुरुस्तीची ओळ डकवून पुढे गेला असता.

अर्धविराम:

मी बरीच वर्षे संकेतस्थळे बांधतो आहे आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतीही घेतो. ताळेबंद यांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे, आणि त्यामागे या क्षेत्राचा इतिहास आहे. जावास्क्रिप्टवर उभी असलेली साधने एकामागून एक येत गेली: २००६ साली जेक्वेरी आली, २०१० साली अँग्युलरजेएस, २०१३ साली रिॲक्ट आणि २०१४ साली व्ह्यू. अँग्युलरजेएस २०१६ साली ‘अँग्युलर’ या नावाने मुळापासून नव्याने लिहिली गेली, तेव्हा ज्यांना केवळ तिची जुनी पद्धत येत होती त्यांना जवळजवळ नव्याने शिकावे लागले. या सगळ्यांच्या तळाशी असलेली जावास्क्रिप्ट मात्र ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली लिहिलेल्या भाषेचाच वाढत गेलेला अवतार आहे, आणि तिच्यात नवी भर घालताना जुनी पाने मोडू नयेत याची काळजी घेतली जाते. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेले पहिले संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही उघडता येते. तिशी-चाळिशीत नवे क्षेत्र निवडणाऱ्याने आपले मोजके तास कशावर खर्च करावेत, याचे उत्तर मला यात दिसते.

परंतु ‘सहा महिने’ ही मुदत मला मान्य नाही, कारण कौशल्य महिन्यांत मोजता येत नाही. मुलाखतीत मी उमेदवारासमोर एक बिघडलेले पान ठेवतो: बटण दाबले की यादी यायला हवी, पण ती येत नाही. जो डेव्हलपर टूल्स (ब्राउझरमधली तपासणीची साधने) उघडून विनंती सर्व्हरकडे, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संगणकाकडे, गेली का ते पाहतो, उत्तर ४०४ (मागितलेले सापडले नाही) आले असेल तर पत्ता तपासतो आणि ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) आले असेल तर दोष सर्व्हरच्या बाजूला शोधतो, त्याने शिकायला किती महिने घेतले हे मी विचारत नाही. २०२२च्या अखेरीस, सांगितल्यावर कोडही लिहून देणारे चॅटजीपीटी आल्यानंतर मी या परीक्षेला अधिकच महत्त्व देतो. यंत्राकडून पन्नास ओळी क्षणात मिळतात. त्यांतली कोणती ओळ खोटी आहे हे ओळखणारा माणूस मला हवा असतो.

रातराणी:

नोकरी सोडण्याबद्दल दोन शब्द लिहिते, कारण मी ती सोडली होती. दिवसाचे आठ तास अभ्यासाला मिळतील हा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात चार तासांनंतर डोक्यात काही शिरत नसे, आणि तिसऱ्या महिन्यापासून तर कोडमधल्या प्रत्येक चुकीबरोबर शिल्लक पैशांची काळजी वर यायची. आता अर्धवेळ काम करून रोज दोन तास शिकते आणि पूर्वीपेक्षा पुढे आहे. मात्र खटपट्या यांना माझा पाठिंबा आहे: दाखवण्याजोगे पान लवकर तयार झाले नसते, तर मी इथवर आले नसते.

खटपट्या:

अर्धविराम यांचा ४०४ आणि ५०० हा मुद्दा मी मान्य करतो; ते मला नोकरी लागल्यावर शिकावे लागले आणि त्यापायी मी सहकाऱ्यांचा बराच वेळ घेतला. तरीही माझे म्हणणे सोडत नाही. ताळेबंद, आपण गोदामाचे काम अकरा वर्षे केले आहे. माल किती उतरला, किती गेला आणि नोंदीत तफावत कुठे पडते, हे आपल्याइतके वीस वर्षांच्या पदवीधराला ठाऊक नाही. मग बेरजेच्या पानावर का थांबायचे? साठ्याची नोंदवही बांधा, मग ती कशातही असो. क्षेत्र बदलून येणाऱ्याची खरी पुंजी त्याचे जुने काम असते, आणि ‘आधी पाया’ म्हणत सहा महिने ती तशीच पडून राहते, हे मला फार खटकते.

ताळेबंद:

नोंदवहीची सूचना मी घेतो, आणि सहा महिन्यांची अटही मागे घेतो. ती माझ्या एका वाईट अनुभवावर बेतलेली होती. पण नोंदवही मी आधी साध्या जावास्क्रिप्टमध्येच लिहीन. आवक आली की एकूण साठा, कमी पडलेल्या मालाची यादी आणि शेवटच्या नोंदीची तारीख अशा तीन ठिकाणी पान स्वतःच्या हाताने बदलायला लागले आणि त्यांतले एक ठिकाण विसरून आकडे जुळेनासे झाले, की रिॲक्ट नेमके कोणते ओझे उचलते ते मला कळेल. त्या दिवशी मी ते शिकायला घेईन, मग तो दुसरा महिना असो की आठवा.