चाळिशीला आल्यावर कोलंबीची अ‍ॅलर्जी का व्हावी?

कोलंबीप्रेमी: आमचे घर अलिबागकडचे, त्यामुळे कोलंबी लहानपणापासून ताटात आहे. गेल्या महिन्यात मात्र कालवण खाऊन अर्धा तासही झाला नसेल, तोच ओठ सुजले आणि पाठभर गांधी उठल्या. आई म्हणते, पित्त झाले. पण बांगडा, सुरमई आजही चालते. एकोणचाळीस वर्षे पचलेली वस्तू शरीराला एकाएकी परकी का वाटावी?

सूक्ष्मदर्शी: ‘पित्त उठणे’ हा शब्दप्रयोग रुळलेला असला, तरी यात पित्ताचा काही संबंध नाही. आधी शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते आणि ती त्वचेतल्या व आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या काळात बाहेरून काहीही जाणवत नाही. पुढे तेच प्रथिन पुन्हा आले, की त्या पेशी हिस्टामिन हे सूज आणि खाज आणणारे रसायन सोडतात. रक्तात असे काहीतरी असते, हे 1921 मध्ये प्राउसनिट्झ या जर्मन डॉक्टरांनी स्वतःवरच दाखवले. मासे न सोसणाऱ्या क्युस्टनर या सहकाऱ्याचा रक्तद्रव त्यांनी आपल्या त्वचेत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि नेमकी तेवढीच जागा फुगली. (आजची कोणतीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही!)

सोडेभात: बांगडा चालतो, कारण माशांतले अ‍ॅलर्जी आणणारे मुख्य प्रथिन वेगळे असते. कोलंबीतले ट्रोपोमायोसिन शिजवूनही टिकते, आणि बरेचसे तसेच प्रथिन झुरळांत व गादीच्या धुळीतल्या अतिसूक्ष्म किडींतही असते. धर्मनियमामुळे कोलंबी वर्ज्य असलेल्या, पण धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या ज्यू लोकांच्या रक्तातही कोलंबीविरुद्धची आयजीई आढळली आहे. तेव्हा तुमच्या शरीराने हा धडा ताटातून न घेता उशीतून घेतला असणे शक्य आहे. सकाळी उठल्यावर शिंका येतात का?

कोलंबीप्रेमी: वर्षानुवर्षे येतात, मी त्याला सर्दीच समजत होतो. मग चिंबोरी आणि सोडेही बंद करावेत का?

सूक्ष्मदर्शी: अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी तपासेपर्यंत जवळ्यासकट सगळेच बंद ठेवा. नुसत्या रक्ताच्या अहवालावर मात्र विसंबू नका, कारण आयजीई असूनही काहींना खाल्ल्यावर काहीच होत नाही. तुमची लक्षणे आणि अहवाल एकत्र पाहावे लागतात. चुकून खाल्ले गेले आणि दम लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर गोळी घेऊन वाट पाहत बसू नका. तेव्हा अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शनच लागते, म्हणून तडक रुग्णालय गाठा.